झाकणाच्या आतलं नाव

जळालेल्या मोटारीचा वास एकदा नाकात बसला की तो जन्मभर जात नाही. जळगावात आमच्या दुकानासमोर पिकअप थांबली की मागचा फाळका उघडायच्या आधीच मला कळतं, मोटार पुरती गेली आहे की थोडक्यात वाचली आहे. शेतकरी मात्र खाली उतरतानाच सांगतो, "काही नाही भाऊ, नुसती गरम होतेय." वीस वर्षांत एकाही माणसाने स्वतःच्या तोंडाने मोटार जळाली असं कबूल केलेलं नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला लिहायला सांगितलं, तेव्हा त्यांना माझ्याकडून काय हवं आहे ते मी ओळखलं. मी म्हटलं, मी मोटारींबद्दल लिहीन, त्यात ओघाने मी जेवढा येईन तेवढा येईन. ते म्हणाले, चालेल. तेव्हा आधी मोटारी.

मोटारीच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यांना आम्ही कॉइल म्हणतो. विजेची एक फेज गेली की मोटार फिरायची थांबते, पण वीज ओढणं थांबवत नाही. नुसती घुंघुं करते, तापते आणि पाच-दहा मिनिटांत आतली तार काळी पडते. हे होऊ नये म्हणून कंपनीवाले एक स्विच देतात. आमचे शेतकरी तो स्विच सारखा पडतो म्हणून त्याला तारेचा तुकडा लावून गप्प करतात. मग मोटार आमच्याकडे येते. जुनी तार छिन्नीने कापून काढायची, वेढे मोजायचे, खाचा घासायच्या, कागद लावायचा, नवीन कॉइल गुंडाळून एकेक खाचेत बसवायची, दोऱ्याने बांधायची आणि वर वार्निश सोडायचं. वेढा एक कमी पडला तरी मोटार रुसते. म्हणून काम चालू असताना माझ्याशी कोणी बोललं तर मी उत्तर देत नाही. लोक मला शिष्ट म्हणतात ते यामुळे. बाकीची कारणं वेगळी आहेत.

आमच्या दुकानाची एक पद्धत मी इतरत्र कुठे पाहिली नाही. ज्याने मोटार बांधली त्याने तिचं झाकण बसवायचं नाही. बांधणारा स्वतःची चूक झाकण्याचा संभव असतो, म्हणून मोटार तपासणीच्या टेबलावर जाते. तिथे शिवदास नाना बसायचे. नाना ती चालवून बघणार, कान लावणार, हात लावणार आणि मनासारखी वाटली की वायर जोडायच्या डबीचं झाकण उलटं करून आतल्या बाजूला बारीक ब्रशने लिहिणार: तारेचा नंबर, वेढे, महिना, बांधणाऱ्याचं नाव, तपासणाऱ्याचं नाव. मग झाकण स्वतः बसवणार आणि चारही स्क्रू स्वतः आवळणार. ते झाकण उघडणार ते थेट मोटार पुन्हा बिघडल्यावर, कधी पाच वर्षांनी तर कधी बाराने. तेव्हा कळायचं की हे कुणाच्या हातचं काम आहे. खानदेशातल्या कितीतरी विहिरींवर आमची नावं अशी झाकणांच्या आत अंधारात बसलेली आहेत.

त्यातल्या चौदा वर्षांच्या मोटारींत माझं जुनं नाव आहे. ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

जन्मल्यावर मला मुलगी ठरवलं गेलं. मी मुलगी नाही हे मला शाळेत असल्यापासून कळत होतं, पण कळणं आणि सांगणं यात माझी तीस-बत्तीस वर्षं गेली. दुकानात लागलो तो त्याच जुन्या नावाने. वाइंडिंगच्या कामाला बाईमाणूस ही तेव्हा अपूर्वाईची गोष्ट होती आणि माझा हात चांगला होता, हे मी न लाजता सांगतो. रावेर-यावलकडचे केळीवाले म्हणायचे, त्या बाईच्या हातची मोटार टिकते. काही जण तर अडून बसायचे की बाईच पाहिजे. एका महिला दिनाला पेपरात माझा फोटो आला. मालक रमेशभाऊंनी ते कात्रण काचेत मढवून भिंतीवर लावलं. त्या फोटोखाली बसून मी सहा वर्षं कॉइल गुंडाळल्या. लोक माझं कौतुक करायचे आणि मला ते घशाखाली उतरायचं नाही. काम माझं होतं आणि कौतुक दुसऱ्याच कोणाचं चाललं होतं.

पुढे डॉक्टर झाले, औषधं झाली, आवाज बदलला, दाढी आली. माझ्या वडिलांनी मुलगा झाला तर ठेवायचं म्हणून मिलिंद हे नाव ठरवून ठेवलं होतं. ते तयारच होतं, मी फक्त घेतलं. आई दोन महिने बोलली नाही, मग एक दिवस ताट वाढताना सहज त्या नावाने हाक मारून गेली. आधार कार्डावर नाव बदललं, बँकेत बदललं, मतदार यादीतही बदललं. सरकारी खात्यांना लोक उगाच नावं ठेवतात. मला सगळ्यात जड गेलं ते दुकान.

रमेशभाऊंना सांगितलं तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाले, हात तेच आहेत ना, मग झालं. दोन दिवसांनी त्यांनी कात्रण उतरवलं, खिळा तसाच राहिला. कागद कापणाऱ्या दोघी जणी पहिल्या आठवड्यात अडखळल्या, हसल्या आणि मग सरावल्या. राहिले नाना.

नानांना मी वेगळं बसवून सांगितलं. हे मला फार महत्त्वाचं होतं. तार हातात कशी धरायची इथपासून सगळं मी त्यांच्याकडून शिकलो होतो. नाना पारोळ्याकडचे, घरी-दारी अहिराणी बोलणारे, सत्तरीला आलेले. ऐकताना त्यांनी एकदाही वर बघितलं नाही. माझं बोलून झाल्यावर उठले, हात धुतले आणि टेबलावर जाऊन बसले. त्यानंतर चार महिने त्यांनी मला कुठल्याच नावाने हाक मारली नाही. "ए," म्हणायचे किंवा पक्कड वाजवायचे. मी समजलो की त्यांना ते मान्य नाही. तरी गप्प बसलो, कारण ए हे जुन्या नावापेक्षा बरं होतं.

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा असते. आम्ही बौद्ध, आमच्या घरात पूजा नाही, पण कॉइल गुंडाळायच्या यंत्राला झेंडूची माळ घालायला मी सगळ्यांच्या आधी हजर असतो. त्या यंत्रावर माझी भाकरी आहे. पूजेनंतर मानपान होतो. पुरुषांना टॉवेल-टोपी आणि बायकांना खण-नारळ. मान वयाने मोठ्याच्या हातून घ्यायचा, म्हणून ताट नानांकडे असायचं. चौदा वर्षं मी खण घेतला आणि घरी नेऊन आईला दिला. त्या वर्षी पहिल्यांदा मला टोपी मिळणार होती. हसू नका. मी आदल्या दिवशी केस कापून आलो होतो, टोपी नीट बसावी म्हणून.

वीस-पंचवीस माणसं जमली होती. गिऱ्हाइकं होती, शेजारचे दुकानदार होते, दोन नवीन कामगार होते ज्यांनी मला पहिल्यापासून मिलिंदभाऊ म्हणूनच ओळखलं होतं. नानांनी एकेकाला पुढे बोलावलं. माझी पाळी आली, तेव्हा त्यांनी मोठ्याने माझं जुनं नाव घेतलं, म्हणाले, ये, आमना दुकाननी वाघीण, आणि खण पुढे केला.

त्यांच्या चेहऱ्यावर प्रेम होतं. हे मला तेव्हाही दिसलं आणि त्याचाच जास्त राग आला. शिवी दिली असती तर शिवीने उत्तर देता येतं. मी खण घेतला, तो परत ताटात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "नाना, तुम्ही मला अख्खी मोटार बांधायला शिकवली. तुम्हाला एक नाव शिकता येत नाही का?"

नानांनी ताट खाली ठेवलं, हात धुतले आणि टेबलावर जाऊन बसले. पूजेच्या दिवशी टेबलावर काम करत नाहीत, तरी जाऊन बसले. रमेशभाऊ मागून टोपी घेऊन आले. मी ती घेतली नाही. अशी मागून गुपचूप दिलेली टोपी मला नको होती.

त्यानंतर पंधरा दिवस दुकानात आम्ही दोघं समोरासमोर बसून न बोलता काम केलं. नानांनी माफी मागितली नाही, मीही मागितली नाही. माझी मागणी चूक नव्हती, पण एका म्हाताऱ्या माणसाला मी चारचौघांत खाली बघायला लावलं होतं, हे मला रोज दिसत होतं. शेवटी मी धुळ्याच्या एका दुकानात बोलणी केली आणि सामान बांधलं. निघताना नाना मोटारीला कान लावून बसले होते. त्यांनी कान काढला नाही.

धुळ्यात पहिल्या दिवसापासून मी मिलिंदभाऊ. चहावाल्यापासून शेठपर्यंत कोणालाही दुसरं काही माहीत नव्हतं. पहिले दोन-तीन महिने मी नुसता ते नाव ऐकत होतो. कोणी उगाच हाक मारली तरी बरं वाटायचं. हळूहळू मात्र माझ्या लक्षात आलं की मला कोणाला काही सांगता येत नाही. काम कुठे शिकलास, असं शेठने विचारलं तर मी म्हणायचो, असंच, इकडेतिकडे; म्हणून त्यांनी मला मोटारी उघडायला आणि कागद कापायला बसवलं. जळगावचं नाव घेतलं तर कोणीतरी चौकशी करणार. जळगाव पासिंगची गाडी थांबली की मी मागच्या खोलीत जायचो. ज्या कामाचा मला आयुष्यात सगळ्यात जास्त अभिमान होता, ती चौदा वर्षं मी चोरीच्या मालासारखी लपवून बसलो होतो. जळगावात मला माझी वर्षं होती पण नाव नव्हतं. इथे नाव मिळालं तर वर्षं गेली.

असं दीड वर्ष गेलं. एके दिवशी सकाळी साक्रीकडचा एक शेतकरी मोटार घेऊन आला. नुसती गरम होते म्हणाला. मी झाकण उघडायच्या आधीच वास आला होता. मोटार कुठून घेतलीस, म्हणून विचारलं, तर म्हणाला, भडगावला साडू आहे, त्याने विहीर सोडून बोअर केली तेव्हा त्याच्याकडून घेतली. मी चार स्क्रू काढले आणि झाकण उलटं केलं.

अक्षर नानांचं होतं. हजारांत ओळखेन. तारेचा नंबर, वेढे, आणि खाली: बांधणी, मिलिंद. तपासणी, शिवदास.

मी महिना बघितला. तो जूनचा होता. दसऱ्याच्या चार महिने आधीचा. मी नानांना वेगळं बसवून सांगितलं ते जूनच्या अखेरीस, तेव्हा त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी बांधलेली मोटार असणार. म्हणजे नानांनी हात धुतले, टेबलावर जाऊन बसले आणि त्याच आठवड्यापासून माझं नाव लिहायला लागले. आणि आमच्या पद्धतीमुळे ते मला कधी दिसलं नाही. झाकण नाना लावणार आणि ती मोटार बिघडून परत येईपर्यंत कोणी उघडणार नाही. मी त्या दुकानातून निघेपर्यंत माझ्या हाताखाली आलेल्या सगळ्या झाकणांत जुनंच नाव होतं, कारण त्या जुन्या मोटारी होत्या.

मी झाकण हातात घेऊन तसाच बसलो. आधी रडू आलं, मग भयंकर राग आला. एवढं आत लिहायचं आणि बाहेर खण द्यायचा, हा काय प्रकार आहे. मग शेतकऱ्याने विचारलं, काय झालं, फार खर्चाचं आहे का. मी म्हटलं, नाही, बांधून मिळेल, स्विचला लावलेला तारेचा तुकडा तेवढा काढ. माझ्या हातची मोटार दोन वर्षांत जळाली याचं दुःख मला त्याही वेळी झालं, हे नमूद करून ठेवतो.

मोटार बांधून झाल्यावर तिला मी दुसरं झाकण लावून दिलं. ते झाकण पिशवीत घातलं आणि रविवारी पहिल्या गाडीने जळगावला गेलो.

नाना घराच्या ओट्यावर बसले होते. हाताला कंप आला होता. मला बघून उठायला लागले, मी त्यांना बसवलं आणि झाकण त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते त्यांनी उलटं केलं, वाचलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो मोटार कशी जळाली. मी सांगितलं. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

मग मी विचारलं, "नाना, आत लिहिलंत. तोंडाने का नाही म्हणालात?"

त्यांनी झाकणावरून अंगठा फिरवला. "लिखाले सोपं व्हतं," ते म्हणाले. "झाकण लाई टाकं का कोणी देखस नही. हातले लवकर सवय पडनी. जीभ चौदा वरीसनी, ती आयकेच ना. म्हनीसन मी तुले हाकच मारे ना. त्या दिनले ताट हातमा व्हतं, बठ्ठा उभा व्हतात, आन् तोंडमाईन जुनंच निंघी गयं."

"सगळ्यांसमोर जीभ घसरली, तर मग दुसऱ्या दिवशी सांगायचं होतं."

"माले राग उना. चुकी मनीच व्हती, तरी राग उना."

मी म्हटलं, राग मलाही आला, पण आत लिहिलेलं मला कसं दिसणार, मला ते बाहेर, माणसांत ऐकायचं होतं. मी तुमच्याशी बोललो ती तऱ्हा चुकली, त्याची मला लाज वाटते. पण जे मागितलं ते चूक नव्हतं आणि ते मी आजही मागतो आहे.

नानांनी मान हलवली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं त्या दिवसापासून पहिल्यांदा त्यांनी मला नीट, डोळ्यांत बघितलं. "मनं चुकनं, मिलिंद," ते म्हणाले.

माझं चुकलं, एवढं त्यांनी कबूल केलं; नाव जड गेलं, थोडं अडकलं, पण आलं. मी चहा न पिता उठलो, कारण मला तिथे जास्त बसवेना. बाहेर रस्त्यावर येऊन टपरीवर दोन चहा प्यायलो.

धुळ्याच्या शेठला मी काम सोडतो म्हणालो आणि कारण विचारल्यावर सगळं खरं सांगून टाकलं. काय होईल ते होवो म्हणून. शेठने ऐकून घेतलं आणि ते चिडलेच, पण भलत्याच गोष्टीवरून. म्हणाले, शिवदास नानांच्या हाताखाली तयार झालेला माणूस आहेस हे आधी सांगितलं असतंस, तर दीड वर्ष तुला कागद कापायला कशाला बसवलं असतं.

आता जळगावच्या दुकानात परत येऊनही चार वर्षं झाली. पहिल्याच दसऱ्याला नानांनी मला टोपी घातली, पण ती माझ्या नाकावर आली, कारण ती त्यांनी रमेशभाऊंच्या मापाची आणली होती. कात्रणाच्या खिळ्यावर सध्या ते साक्रीहून आलेलं झाकण टांगलेलं आहे, उलट्या बाजूने. गिऱ्हाइकांना वाटतं तो कसला तरी नमुना आहे.

नाना अजूनही चुकतात. महिन्यातून एखाद वेळ जुनं नाव तोंडात येतं. मग ते थांबतात, स्क्रू-ड्रायव्हरने टेबलावर दोनदा टकटक करतात आणि पुन्हा नीट म्हणतात. टकटक ऐकू आली की माझं काम होतं.

आणखी एक गोष्ट झाली. कंपामुळे नानांना आता ब्रश धरता येत नाही. कान अजून शाबूत आहे, मोटार तेच तपासतात, पण झाकणावर दुसऱ्याने लिहावं लागतं आणि नानांनी ते सांगावं लागतं. दुकानात दोन मोटारी चालू असतात, ग्राइंडर चालू असतो, हळू बोललेलं ऐकू येत नाही. त्यामुळे जे नाव ते एवढे दिवस गुपचूप लिहीत होते, ते आता त्यांना दिवसातून पाच-सहा वेळा ओरडून सांगावं लागतं. या वयात देवाने त्यांची चांगली जिरवली असं मी त्यांना म्हणतो. ते हसतात.

या एप्रिलमध्ये रावेरकडचे एक आबा आले. केळीचा मोठा बाग, बारा वर्षांपूर्वीची मोटार, आमच्याच दुकानात बांधलेली. तीन दिवस पाणी बंद, त्यामुळे आबांचा जीव टांगणीला. मोटार उतरवताच त्यांनी दुकानभर नजर फिरवली आणि विचारलं, ती बाई कुठे आहे, तिच्याकडूनच बांधून पाहिजे, दुसऱ्या कोणाचा हात लागू देणार नाही.

मी कॉइल गुंडाळत होतो. वेढे चालू होते, त्यामुळे मला बोलता येत नव्हतं. खरं म्हणजे वेढे नसते तरी काय बोललो असतो कोण जाणे. रमेशभाऊ माझ्याकडे बघायला लागले. ग्राइंडरवाल्याने ग्राइंडर बंद केला.

नाना टेबलावरून उठले. "आबा, बाई नही," ते म्हणाले. "तुमनी मोटार बारा वरीस ज्याना हातवर चालनी, तो हाऊ मिलिंद शे. पहिलापाईन हाऊच व्हता. आमले समजाले येळ लागना."

आबांनी माझ्याकडे बघितलं. दाढी बघितली, हात बघितले. हातांवर त्यांची नजर जरा थांबली. मी शेवटचा वेढा मोजून तार कापली आणि वर बघितलं.

"बरं," आबा म्हणाले. "मंग मिलिंदभाऊ, मोटर कवा भेटीन? केळी सुकून राह्यली."

"परवा सकाळी," मी म्हटलं.